अकरावीतली मुलगी, सहा ॲक्टिव्हिटीज आणि एकच वाक्य चार वेळा

पाऊलवाट | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज मात्र लिहिल्याशिवाय राहवेना.

माझी मुलगी या वर्षी इंटरनॅशनल शाळेत गेली. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या डिप्लोमाचं पहिलं वर्ष, म्हणजे आपल्या हिशेबाने अकरावी. आधीच्या शाळेत वर्षातून एक स्नेहसंमेलन आणि एक क्रीडादिन, बाकी सगळा अभ्यास. इथे पहिल्याच आठवड्यात ॲक्टिव्हिटी फेअर झाला. मोठ्या हॉलमध्ये टेबलंच टेबलं, प्रत्येक टेबलामागे वरच्या वर्गातली दोन मुलं आणि समोर नाव लिहायचा कागद. लेक घरी आली ती सहा ठिकाणी नाव देऊनच. चेहरा इतका फुललेला होता की मी काहीच बोलले नाही.

आता आठवडा असा आहे. सोमवारी एमयूएन (संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल), मंगळवारी आणि गुरुवारी बास्केटबॉल, बुधवारी शाळेचं मासिक, शुक्रवारी रोबोटिक्स, शनिवारी सकाळी लहान मुलांना वाचायला मदत. शिवाय नाटकाच्या टीममध्ये बॅकस्टेज, म्हणजे प्रयोग जवळ आला की रोजच.

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला तिच्या खोलीतला दिवा चालू दिसला म्हणून आत गेले. टेबलावर डोकं टेकून झोपली होती. पायांत खेळातले मोजे तसेच. लॅपटॉपवर सीएएसच्या, म्हणजे डिप्लोमासाठी ठेवाव्या लागणाऱ्या ॲक्टिव्हिटीजच्या, नोंदी उघड्या होत्या. चार वेगवेगळ्या ॲक्टिव्हिटींखाली अगदी तेच वाक्य: 'या अनुभवातून मी टीमवर्क आणि नेतृत्व शिकले.' शब्दाचाही फरक नाही.

ते वाक्य मला फार लागलं. ही मुलगी सातवीत असताना खिडकीतल्या घरट्यावर रोज चार ओळी लिहायची. पिल्लांची चोच कधी उघडते, आई किती वेळाने परत येते, सगळं. तिला आता दिवसभराच्या धावपळीबद्दल सांगण्यासारखं काहीच उरलेलं नाही.

मी तिला काही सोडायला सांगावं का? शाळेला हे सगळं खरंच लागतं का? अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

मधलीसुट्टी | रविवार, रात्री ११:०५

ताई, तुमच्या घरातलं लिहिलंय की माझ्या, असं वाटलं. माझा मुलगा दहावीला आहे, मोजे तेवढे फुटबॉलचे. वाचतेय.

खडूफळा | सोमवार, सकाळी ७:२०

पाऊलवाट ताई, मी अशाच एका शाळेत शिकवतो आणि काही वर्षं सीएएसचा समन्वयक आहे. आधी नियम काय आहेत ते सांगतो, कारण निम्मी भीती ऐकीव माहितीतून येते.

सीएएस म्हणजे क्रिएटिव्हिटी, ॲक्टिव्हिटी, सर्व्हिस. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षापासून साधारण १८ महिने ते चालतं. त्याला गुण नाहीत. एकूण ४५ गुणांपैकी ४२ सहा विषयांचे आणि ३ टीओके (ज्ञान म्हणजे काय हे तपासणारा विषय) व एक्सटेंडेड एसे (दीर्घ निबंध) यांचे, सीएएसचा त्यात एकही नाही. पण ते पूर्ण झालं नाही तर डिप्लोमा मिळत नाही, म्हणून मुलं धास्तावतात.

पूर्वी १५० तासांचा हिशेब होता. मुलं वहीत तास भरायची आणि पालक बेरीज करायचे. तो हिशेब आयबीने काढून टाकला त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी घराघरांत आणि काही शिक्षकांच्याही डोक्यात तास तसेच बसलेत. आता बघतात ते असं: तिन्ही अंगांना धरून नियमित काहीतरी चालू आहे का, सात अपेक्षित निष्पत्तींचा, म्हणजे मुलांनी यातून काय शिकावं त्याचा, पुरावा कुठे ना कुठे दिसतो का, आणि किमान एक प्रकल्प असा आहे का जो मुलांनी इतरांसोबत मिळून आखला आणि कमीत कमी महिनाभर चालवला. समन्वयकाशी किंवा सल्लागाराशी तीन औपचारिक मुलाखती होतात. 'सहा क्लब हवेत' असं कुठेही म्हटलेलं नाही.

तुमच्या मुलीचं वेळापत्रक बघा. बास्केटबॉल हे ॲक्टिव्हिटी, शनिवारचं वाचन हे सर्व्हिस, नाटक किंवा मासिक यांतलं एक क्रिएटिव्हिटी. तिन्ही अंगं भरली. वाचनाच्या कामातून महिनाभराचा प्रकल्प सहज उभा राहील, उदाहरणार्थ त्या मुलांसाठी त्यांच्याच गोष्टींचं छोटं पुस्तक तयार करणं.

आता त्या वाक्याबद्दल. तो दोष मुलीचा नाही. प्रत्येक तासानंतर नोंद लिहायची सक्ती झाली की असं छापील लिखाण येतंच. आयबीच्या मार्गदर्शिकेतसुद्धा चिंतन हे लिहिलेलंच हवं असं नाही. फोटोखाली दोन ओळी, आवाजातलं रेकॉर्डिंग, रेखाटन, सल्लागाराशी झालेल्या गप्पांचा सारांश, काहीही चालतं. मी माझ्या मुलांना सांगतो की दोन महिन्यांत दोनदाच लिहा, पण ज्या दिवशी काहीतरी अडलं त्या दिवशीचं लिहा.

दोन_मुलींचा_बाबा | सोमवार, सकाळी ९:१५

खडूफळा सरांचा मान राखून थोडं वेगळं मत मांडतो.

नियम डिप्लोमाचे झाले. विद्यापीठांचं काय? माझी मोठी मुलगी गेल्या वर्षी अमेरिकेतल्या विद्यापीठांना अर्ज करत होती. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे तिथल्या बऱ्याच विद्यापीठांच्या सामायिक अर्जात, ॲक्टिव्हिटीजसाठी १० जागा असतात. प्रत्येकीत काय केलं ते १५० अक्षरांत सांगायचं, शिवाय आठवड्याला किती तास, वर्षातले किती आठवडे, कोणत्या इयत्तांमध्ये. समोर दहा रिकाम्या चौकटी दिसल्या की पालकांच्या पोटात गोळा येतो. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, संधी दारात आली आहे तर घे, झोप काय नंतरही होईल. आम्ही ज्या शाळांत शिकलो तिथे यातलं काहीही नव्हतं. मुलांना मिळतंय तर हात आखडता कशाला घ्यायचा?

लाइटवाला | सोमवार, दुपारी १:३०

पाऊलवाट काकू, मी अशाच एका शाळेचा माजी विद्यार्थी. तुमच्या मुलीच्या यादीतलं शेवटचं नाव वाचलं, बॅकस्टेज, आणि लॉगिनचा पासवर्ड शोधून काढला.

आम्ही त्या शाळेत आलो तेव्हा मी नववीत होतो. वडिलांची बदली, वर्षाच्या मध्यात. वर्गात बावीस मुलं आणि चौदा की पंधरा देश. सगळ्यांची इंग्रजी माझ्यापेक्षा पटापट. विनोद कळेपर्यंत हसणं संपलेलं असायचं. मी पहिले आठ महिने शाळेत किती वाक्यं बोललो असेन ते मोजता आलं असतं. घरच्यांनी फुटबॉल, बुद्धिबळ, कोडिंग अशी तीन नावं घातली होती. तिन्हीकडे मी जायचो, वेळ संपेपर्यंत थांबायचो आणि परत यायचो.

मग एकदा नाटकाच्या सरांना शिडी धरायला कोणीतरी हवं होतं. मी धरली. वर एक बारावीची मुलगी लाइटचा रोख बदलत होती. ती म्हणाली, 'हात लावून बघ, आधी हातमोजा घाल.' जुन्या दिव्यांना किती आच असते ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मी न बोलावता गेलो.

लाइटबोर्डवर बसणाऱ्याच्या कानाला हेडसेट असतो. स्टेज मॅनेजर बोलते: 'क्यू चौदा, स्टँडबाय', म्हणजे चौदाव्या प्रकाशबदलाला तयार राहा. तुम्ही म्हणायचं, 'स्टँडबाय.' मग ती म्हणते, 'गो', आणि त्या शब्दावर बोट दाबायचं. शब्दाच्या आधी नाही, नंतर नाही. माझ्या त्या वर्षातला सगळ्यात मोठा संवाद हा एकाच शब्दाचा होता, पण त्या शब्दावर अख्ख्या स्टेजवर संध्याकाळ व्हायची. जुने फिलामेंटचे दिवे बंद होताना शेवटी क्षणभर लालसर होतात, एलईडी होत नाहीत. दोन्ही एकत्र वापरले तर संध्याकाळ मध्येच तुटल्यासारखी दिसते, म्हणून एलईडीला थोडा नारंगी देत हळू उतरवायचं. हे मला कोणी शिकवलं नाही, रिकाम्या थिएटरात तीन दुपारी बसून सापडलं.

दुसऱ्या प्रयोगाला नायकाने दोन पानं गाळली. बाविसाव्या क्यूवरून आम्हाला थेट सत्ताविसाव्यावर जायचं होतं आणि मध्ये एक पूर्ण अंधार होता. स्टेज मॅनेजर एक सेकंद गप्प झाली. मी हेडसेटवर म्हटलं, 'सत्तावीस तयार आहे.' ती म्हणाली, 'गो.' प्रेक्षकांना काही कळलं नाही. प्रयोगानंतर ती मागून पळत आली आणि तिने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये माझी बसायची जागा ठरलेली होती.

फुटबॉल, बुद्धिबळ, कोडिंग तिन्ही मी त्याच आठवड्यात सोडलं. आई नाराज झाली होती. पण काकू, त्या तीन ठिकाणी मी वर्षभर जात असूनही कोणालाच माझं नाव माहीत नव्हतं.

बाबा काका, विद्यापीठाच्या अर्जात मी पाचच जागा भरल्या. त्यांतली एक धाकट्या भावाला रोज शाळेतून आणणं आणि त्याचा अभ्यास घेणं ही होती. त्या यादीत घरच्या जबाबदाऱ्यांसाठी वेगळा प्रकार असतो, बहुतेकांना ते माहीतच नसतं.

मधलीसुट्टी | सोमवार, दुपारी २:१०

डोळ्यांत पाणी आलं रे बाळा.

निळीशाई | सोमवार, रात्री ९:००

लाइटवाला, फार सुंदर लिहिलंस. यावरून आठवलं ते सांगते. या उपक्रमांचा उगम कुठून आहे हे पालकांना कळलं तर चौकटी भरायची घाई थोडी कमी होईल, असं मला मनापासून वाटतं.

जिनिव्हातली इंटरनॅशनल स्कूल १९२४ साली सुरू झाली ती राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयात आलेल्या लोकांच्या मुलांसाठी. वेगवेगळ्या देशांची मुलं एका बाकावर बसवायची ही मूळ गरज. आयबीची संस्था पुढे १९६८ मध्ये त्याच शहरात उभी राहिली. पण वर्गाबाहेरच्या शिक्षणाचा धागा कुर्ट हान या जर्मन शिक्षकापर्यंत जातो. त्याने हिटलरविरोधात उघड भूमिका घेतली म्हणून १९३३ मध्ये त्याला तुरुंगात टाकलं गेलं, सुटल्यावर तो ब्रिटनमध्ये गेला आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडात गॉर्डनस्टन शाळा काढली. ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड १९५६ मध्ये सुरू झाला त्यामागेही तोच, प्रिन्स फिलिप त्याचेच विद्यार्थी. १९६२ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अटलांटिक कॉलेज निघालं तेही त्याच्याच विचारातून.

त्या कॉलेजची गोष्ट मला सगळ्यात आवडते. तिथली सेवा म्हणजे समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणं. मुलांकडे हवेच्या रबरी बोटी होत्या आणि त्यांचे कापडी तळ खडबडीत किनाऱ्यावर घासून फाटायचे. मुख्याध्यापक डेसमंड होर हे निवृत्त नौदल अधिकारी होते. त्यांनी आणि मुलांनी तळाला कडक सांगाडा बसवायचे प्रयोग वर्षानुवर्षं केले. बोट बांधायची, पाण्यात घालायची, मोडायची, पुन्हा बांधायची. त्यातून जी बोट तयार झाली तिचं पेटंट होर यांनी ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेला एका पौंडात देऊन टाकलं. संस्थेने तिला अटलांटिक २१ असं कॉलेजचंच नाव दिलं. वर फुगवलेली कड आणि खाली टणक तळ अशा बचावबोटी आज जगभर दिसतात, त्यांचा उगम तिथे आहे.

एकाच गोष्टीला इतकी वर्षं चिकटून राहिले म्हणून ती बोट झाली. ती मुलं सहा क्लबांत विभागली गेली असती तर बोट झाली नसती, हे मला ठामपणे म्हणायचं आहे.

दोन_मुलींचा_बाबा | सोमवार, रात्री ९:४०

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. लाइटवाला, तुझा प्रतिसाद धाकटीला वाचायला दिला आहे.

अकरावीतली | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

काकू, मी तुमच्या मुलीच्याच वयाची आहे, म्हणून आमच्या बाजूने लिहिते.

आम्ही सहा ठिकाणी नाव देतो कारण तेव्हा खरंच सहाही आवडतात. कोणी बळजबरी करत नाही. आणि सोडणं अवघड जातं ते लोकांमुळे. रोबोटिक्सची टीम पाच जणांची असते, मी सोडलं तर चार उरतात. टीममधल्या मैत्रिणीच्या नजरेला नजर कशी देणार? 'एक कमी कर' असं आई सहज म्हणते, पण एक कमी करणं म्हणजे चार माणसांना नाही म्हणणं असतं.

एमयूएनबद्दल सांगते, कारण बऱ्याच पालकांना तो कोट घालून भाषणं करायचा खेळ वाटतो. पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटायचं. नंतर कळलं की खरं काम भाषणात नसतंच, लॉबिंगमध्ये असतं. खोलीच्या एका कोपऱ्यात आठ जण एका लॅपटॉपभोवती उभे राहतात आणि ठरावातल्या एकेका क्रियापदावर भांडतात. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावासारखा आमचाही ठराव म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वाक्य असतं, स्वल्पविराम आणि अर्धविरामांनी जोडलेलं. 'मागणी करते' हा शब्द सुरक्षा परिषदेबाहेरच्या समित्यांमध्ये बरेच चेअर (समितीचे अध्यक्ष) चालवून घेत नाहीत, 'आवाहन करते' म्हणावं लागतं. आणि आमच्या परिषदेत 'मी' म्हणायचं नाही, 'या देशाचे प्रतिनिधी' असंच म्हणायचं.

एकदा मला ज्या देशाची पाटी मिळाली त्याची भूमिका मला अजिबात पटत नव्हती. निर्वासितांना प्रवेश मर्यादित करायचा होता. माझ्या शेजारच्या मुलीचं कुटुंब स्वतः निर्वासित म्हणून आलेलं. मी तीन दिवस तिच्यासमोर उभी राहून ती भूमिका मांडली, नीट तयारी करून मांडली, आणि संध्याकाळी आम्ही दोघी एकत्र चालत बसपर्यंत जायचो. तिने मला एकदाच विचारलं, 'तुला खरंच असं वाटतं का?' मी नाही म्हटलं. ती म्हणाली, 'मग उद्या याहून चांगला मुद्दा आण, हा मला सहज खोडता येतो.' हे मी कुठल्याच नोंदीत लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर 'संवादकौशल्य वाढले' असंच काहीतरी लिहिलं असतं.

आणि एक गोष्ट मनात सलते. आम्ही 'सर्व्हिस' म्हणून एका ठिकाणी एकदाच गेलो होतो. तिथल्या लहान मुलांना रांगेत बसवलं, आम्ही वह्या वाटल्या, फोटो काढले, दीड तासात परत. एका छोट्या मुलाने मला विचारलं, 'उद्या कोण येणार?' त्याला दर आठवड्याला नवीन ताया-दादा दिसत असणार. मी उत्तर दिलं नाही. फोटो मात्र नोंदीत लावला. त्याची मला लाज वाटते.

खडूफळा | मंगळवार, रात्री ८:३०

अकरावीतली, तू जे शेवटी लिहिलंस तीच खरी नोंद आहे. अशी नोंद माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने आणली तर मी ती सल्लागारांच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवेन. सात निष्पत्तींमधली एक, आपल्या निवडींचे आणि कृतींचे नैतिक परिणाम ओळखणं, ही आहे. बहुतेक मुलांना तिच्यासाठी पुरावा सापडत नाही आणि तू तो डोळ्यांनी पाहून आली आहेस.

सर्व्हिसचे टप्पे पाच सांगितलेत: शोध, तयारी, कृती, चिंतन, मांडणी. शाळा पहिला टप्पा गाळून थेट तिसऱ्यावर जातात, कारण बस ठरलेली असते आणि तारीखही. शोध म्हणजे तिथे जाऊन 'तुम्हाला काय हवंय' असं विचारणं, आणि उत्तर 'आम्हाला तुम्ही नकोत, पंखा दुरुस्त करून हवाय' असं आलं तर पंखाच दुरुस्त करणं. एकदाच जाऊन फोटो काढण्यापेक्षा एकाच ठिकाणी वर्षभर जाणं कितीतरी चांगलं. तुमच्या मुलीचं शनिवारचं वाचन नियमित आहे, पाऊलवाट ताई. काहीही सोडलं तरी ते सोडू देऊ नका, असं मी सुचवेन. त्या छोट्यांना तिची सवय झाली असेल.

सोडायचं कसं, यावर: अर्ध्या सत्रात गायब होऊ नये. सत्राच्या शेवटापर्यंत थांबावं, आपल्या जागी कोणाला तरी तयार करावं आणि समोर जाऊन सांगावं. हे जमलं तर ती निष्पत्ती क्रमांक चारच झाली, बांधिलकी आणि चिकाटी. नीट सोडण्यातही ती दिसते.

शिट्टी | बुधवार, सकाळी ६:१०

बास्केटबॉल आणि फुटबॉल शिकवतो. थोडक्यात.

वाढत्या वयातल्या खेळाडूला आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी आणि वर्षात मिळून दोन-तीन महिने त्याच खेळापासून सुट्टी हवी, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. माझ्याकडे गुडघे धरून येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचा दोष खेळात नसतो, न मिळालेल्या विश्रांतीत असतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते. साडेअकराला टेबलावर लागलेली झोप त्यात धरू नका.

संघनिवडीबद्दल एक. ट्रायआउटची (निवड चाचणीची) यादी दारावर लावायची पद्धत मी बंद केली. संघात न आलेल्या प्रत्येकाला मी पाच मिनिटं बाजूला घेऊन सांगतो, काय कमी पडलं आणि पुढच्या सत्रात कशावर मेहनत घ्यायची. माझा स्वतःचा मुलगा दुसऱ्या एका शाळेत दारावरची यादी वाचून घरी आला होता. आपलं नाव नाही हे त्याला वर्गमित्रांच्या गर्दीत कळलं. दोन वर्षं चेंडूला हात लावला नाही त्याने. आता गुणलेखक म्हणून सामन्यांना जातो आणि पंचांची परीक्षा द्यायची म्हणतोय. ज्यांचं मूल संघात नाही त्यांनी शिक्षकांना हे विचारावं: गुणलेखन, पंचगिरी, सरावाचं व्हिडिओ चित्रण. या जागा नेहमी रिकाम्या असतात.

वेशीवरची | बुधवार, दुपारी ३:२०

एक वेगळा मुद्दा, ज्यावर अजून कोणी बोललं नाही. मुलं निघून जातात.

आमच्या शाळेत दर जूनमध्ये वर्गातली पाच-सहा मुलं दुसऱ्या देशात जातात. आम्हीही गेलो आहोत, तीनदा. आईवडिलांच्या देशाबाहेर वाढणाऱ्या या मुलांसाठी 'थर्ड कल्चर किड्स' हा शब्द आहे. रूथ हिल युसीम आणि त्यांचे पती जॉन हे समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात भारतातल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होते, तेव्हा तो पुढे आला. आता आपली मुलं तो शब्द स्वतःबद्दल वापरतात.

क्लब मला या मुलांसाठी फार महत्त्वाचे वाटतात, आणि ते कौशल्यासाठी नाहीच. नव्या शाळेत पहिल्या दिवशी 'मी कोण' हे कोणालाच माहीत नसतं. 'मी व्हायोलिन वाजवते' एवढं एक वाक्य हातात असलं की संगीताच्या खोलीचं दार उघडतं. माझ्या मुलीचं व्हायोलिन तीन देशांत फिरलं. मैत्रिणी प्रत्येक वेळी बदलल्या, पण वाद्यवृंदात कुठे बसायचं हे तिला पहिल्याच दिवशी ठाऊक असायचं. म्हणून एक तरी गोष्ट अशी ठेवा जी पेटीत घालून सोबत नेता येते.

आणि भाषा! याबद्दल मला फार कळकळ आहे. शाळेत तुमच्या भाषेचा शिक्षक नसला तरी डिप्लोमात मातृभाषेतलं साहित्य स्वयंअध्ययनाने घ्यायची सोय आहे, स्टँडर्ड लेव्हलला (विषयाच्या दोन पातळ्यांपैकी सोप्या), शाळेच्या मदतीने. कोणत्या भाषा उपलब्ध आहेत ते समन्वयकांना वेळेत विचारावं लागतं. आमच्याकडे मुलांनी दुपारच्या सुट्टीत 'घरची भाषा' असा गट सुरू केला. दर आठवड्याला एकाने आपल्या भाषेतली एक कविता म्हणायची आणि बाकीच्यांनी फक्त ऐकायची. अर्थ नंतर. माझ्या मुलीने म्हटली तेव्हा तिचा एक कोरियन मित्र म्हणाला, 'तू इंग्रजीत बोलतेस त्यापेक्षा हा आवाज खोल आहे.' हे ती अजून विसरलेली नाही. मीही नाही.

दोन_मुलींचा_बाबा | बुधवार, रात्री १०:००

दोन दिवस विचार केला. मोठीच्या दहा जागा आम्ही भरल्या. आज तिला फोन करून विचारलं, त्यातलं आता काय चालू आहे? म्हणाली, 'काहीच नाही बाबा. पण टेबल टेनिस मिस करते.' टेबल टेनिस त्या यादीत नव्हतं. अकरावीत वेळ नाही म्हणून मीच ते बंद केलं होतं.

एवढं लिहून थांबतो. ज्यांची मुलं ब्रिटनला अर्ज करणार आहेत त्यांच्यासाठी एक माहिती: २०२६ च्या प्रवेशांपासून यूकासचं (तिथल्या विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेचं) निवेदन तीन प्रश्नांत विभागलंय, एकूण मर्यादा ४,००० अक्षरांचीच. तिसरा प्रश्न वर्गाबाहेर काय केलं आणि ते या विषयाला कसं उपयोगी पडतं यावर आहे. म्हणजे तिथेही लांबलचक यादीला जागा नाही. हे आमच्या वेळी नीट समजून घ्यायला हवं होतं.

निळीशाई | बुधवार, रात्री १०:२५

बाबा, तुम्ही हे इतक्या मोकळेपणाने लिहिलंत याबद्दल आभार. एक जोडते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं ३१ वं कलम विश्रांतीचा, फावल्या वेळाचा आणि खेळण्याचा हक्क देतं. विश्रांती हा शब्द त्यात सगळ्यात आधी येतो. मुलं एमयूएनमध्ये हा करार उद्धृत करतात आणि घरी येऊन साडेअकराला टेबलावर झोपतात, याचं मला वाईट वाटतं.

पाऊलवाट | रविवार, संध्याकाळी ७:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर लेकीला काही सांगितलं नाही. काल तिलाच हा धागा वाचायला दिला. लाइटवाल्याचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला.

मग एका कागदावर सहा नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर, 'मी गेले नाही तर कोणाच्या लक्षात येईल' हे लिहिलं. प्रश्न तिचाच, माझा नाही. रोबोटिक्ससमोर तिने चार नावं लिहिली आणि बराच वेळ गप्प बसली. मासिकासमोर काहीच लिहिलं नाही. एमयूएनसमोर 'पुढच्या वर्षी' असं लिहिलं. वाचनासमोर एका सहा वर्षांच्या मुलीचं नाव होतं.

मासिक आणि एमयूएन आत्ताच सोडते आहे. रोबोटिक्स स्पर्धेपर्यंत, म्हणजे सत्राच्या शेवटापर्यंत करणार आणि दहावीतल्या एका मुलाला आपलं काम शिकवणार. कॅप्टनला काय सांगायचं ते तिने आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं. आज सांगून आली. कॅप्टन म्हणे, 'बरं झालं आत्ता सांगितलंस, गेल्या वर्षी एक जण स्पर्धेच्या आदल्या दिवशी गेला होता.' ती हे सांगताना हसत होती. सोमवार आणि बुधवार आता मोकळे.

शनिवारची नोंद तिने लिहिली नाही, फोनवर बोलून ठेवली. मला ऐकवली. चाळीस सेकंदांची आहे. ती छोटी 'जहाज' हा शब्द तीन आठवडे 'जाज' वाचत होती. काल तिने मधल्या अक्षरावर बोट ठेवलं, थांबली, 'ह' म्हणाली आणि मग पूर्ण शब्द वाचला. आणि पुस्तक मिटून टाकलं, आजच्यापुरतं पुरे म्हणून. रेकॉर्डिंगमध्ये लेकीचा आवाज शेवटी थोडा चढलाय. घरट्याबद्दल सांगायची तेव्हा चढायचा, तसाच.

खडूफळा सर, एकच शंका. हे रेकॉर्डिंग तसंच जोडलं तर चालेल का, की खाली लिहूनही द्यावं लागेल?

खडूफळा | रविवार, रात्री ८:१५

तसंच जोडा. छोटीचं नाव रेकॉर्डिंगमध्ये येत असेल तर तेवढं कापायला सांगा आणि तिच्या पालकांची परवानगी घ्या. लिहून काढायची गरज नाही.